पिंजाऱ्याचा पट्टा

तांबगव्हाणात मुलीचं लग्न ठरलं की घरातलं कुणीतरी आधी याकूबभाईंच्या शेडवर जाऊन येतं. घनसावंगीहून येणारी जीप गावात जिथं वळून परत फिरते, तिथंच त्यांचं पत्र्याचं शेड आहे. मशीनवर कापूस पिंजायचा, खोळीत भरायचा, काठीनं बडवून सारखा करायचा आणि दाभणानं टाके घालायचे. आहेराची गादी त्यांच्या हातची असली तर सासरी कुणी नाव ठेवत नाही, असं बायका म्हणतात. नव्या पोरी त्यांना चाचा म्हणतात. जुनी माणसं मात्र उस्ताद म्हणतात, आणि तो मान गाद्यांचा नव्हे.

याकूब उस्ताद पट्टा फिरवायचे. उभं धरलं तर माणसाच्या छातीला लागेल एवढं लांब, लवतं, दुधारी पातं, आणि त्याच्या मुठीवर कोपरापर्यंत हात झाकणारा लोखंडी खोबळा. तलवारीला मनगट वळवता येतं. पट्ट्यात मनगट कैदेत असतं, सगळं काम खांद्यानं करायचं. त्यांचे वडील निजामाच्या अमलात एका देशमुखाकडे पहाऱ्यावर होते. ही विद्या त्यांची. राज्य गेलं, पहारा गेला, घरात पिंजण आलं, पण पट्टा राहिला. मोहरमला सवारीपुढे आणि दसऱ्याला देवीच्या पालखीपुढे याकूबच पट्टा खेळायचे. यात कुणाला काही वेगळं वाटत नसे.

मारुतीच्या पाराशेजारी त्यांचा आखाडा भरायचा. आधी फरी-गदका, म्हणजे छोटी ढाल आणि चामड्यानं मढवलेली छडी, मग काठी, मग बोथट पट्टा. गावच्या कितीतरी पोरांनी तिथं अंगाला माती लावली. त्यातलं त्यांचं लाडकं पोर म्हणजे कल्याण. शेडमागच्या याकूबांच्या घराला लागून राहणाऱ्या पुष्पाबाईंचा एकुलता मुलगा. बाप लवकर गेलेला. जत्रेत उस्ताद पोराच्या तळहातावर लिंबू ठेवून पट्ट्यानं कापून दाखवायचे, तेव्हा तो तळहात कल्याणचा असायचा. बाकीची पोरं डोळे मिटून घ्यायची. कल्याण उघड्या डोळ्यांनी पातं येताना बघायचा.

"भीती न्हाई वाटत का रे?" एकदा त्यांनी विचारलं.

"तुमचा हात हाय ना उस्ताद," तो म्हणाला.

मग आखाडा बंद पडला. कुणी बंद पाडला असं नाही. मिरवणुकीत डीजे आला. त्या आवाजात पट्ट्याचा आवाज कुणाला ऐकू जाईना. एका लग्नाच्या वरातीत नवरदेवाच्या मित्रांनी उस्तादांना नाचता नाचता पट्टा फिरवायला सांगितलं, फोनवर फिल्म काढायची म्हणून. त्यांनी फिरवला. घरी आले आणि रात्रभर त्यांना झोप लागली नाही. त्यातच उजवा खांदा धरायला लागला होता. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी पट्ट्याला तेल लावलं, जुन्या खोळीच्या कापडात गुंडाळला आणि शेडच्या माळ्यावर टाकला.

कल्याण तेव्हा पोलीस भरतीची तयारी करत होता. तो शेडवर येऊन बसला.

"उस्ताद, आखाडा नका बंद करू. आमी पोरं कुठं जावं?"

"आता कोन बघतंय रे ते. तू पळायचा सराव कर. मार्क त्याचे मिळतेत."

"मला मार्कासाठी न्हाई पाहिजे."

याकूब दाभणात दोरा ओवत होते. त्यांनी वर पाहिलं नाही. कल्याण थोडा वेळ बसला आणि उठून गेला. त्या दुपारबद्दल उस्तादांना पुढे फार वेळा वाटलं की निदान मान वर करायला हवी होती.

भरतीत कल्याण निवडला गेला नाही. दुसऱ्या वेळीही राहिला. मग तो हायवा ट्रक चालवायला लागला. नदीतून वाळू भरून न्यायचं काम. मालक प्रितम, तालुक्याच्या बाजूचा, अंगावर पांढरे कपडे आणि सोबत कायम चार-दोन जण. पहिल्यांदा एक गाडी यायची, मग रांग लागायला लागली. शेडसमोरून गाड्या जाताना धुळीचा लोट उठायचा आणि उघड्यावर पसरलेला कापूस लाल व्हायचा. कल्याणची गाडी असली की तेवढी शेडपाशी हळू व्हायची. काचेतून तो हात वर करायचा. याकूबही हात वर करायचे. एवढंच बोलणं त्यांच्यात उरलं होतं.

गावाला पिण्याचं पाणी नदीकाठच्या विहिरीचं. पोकलेननं उकरत उकरत प्रितमचे लोक विहिरीच्या बुडाशी आले. बाजूची वाळू सरकली, विहिरीच्या सिमेंटच्या कड्या एका अंगानं कलल्या, आणि नळाला गढूळ पाणी यायला लागलं. बायका नदीच्या पात्रात झिरे करून वाटीनं पाणी भरायला लागल्या. अर्ज गेले. सरकारी गाडी येणार असली की त्या दिवशी नदीत चिटपाखरू नसायचं. गाडी गेली की पुन्हा पोकलेनची घरघर.

पाणी सोडणारा संपत, साधा माणूस, एका सकाळी मशीनपुढे जाऊन उभा राहिला. विहिरीपासून तेवढं लांब खोदा, इतकंच तो म्हणत होता. प्रितमच्या माणसांनी त्याला गजांनी मारलं. हात दोन ठिकाणी मोडला. त्याला जालन्याला नेलं आणि त्याच दुपारी मच्छिंद्र पाटील चार माणसं घेऊन शेडवर आले. मच्छिंद्र उस्तादांच्याच वयाचे. आखाड्यात दोघं एकमेकांसमोर गदका खेळलेले.

"याकूब, उद्या सकाळी गाव रस्त्यावर बसणार हाय. बैलगाड्या आडव्या लावणार. तू येशील का?"

"येतो की. बसायला काय."

"बसायला न्हाई." मच्छिंद्रांनी माळ्याकडे पाहिलं. "ते लोक तलवारी घेऊन येतेत. आमच्याकडं काय हाय? खुरपी अन् काठ्या. तू नुसता पुढं उभा राहा. पट्टा फिरायला लागला तर जवळ यायची कुनाची टाप न्हाई."

"मच्छू, खांदा वर होत न्हाई माझा. अन् त्याच्यात आपला कल्याण हाय."

"आपला हाय तर मंग संपतला मारताना कुठं होता?"

कल्याण त्या वेळी गाडीत बसलेला होता, उतरलाच नव्हता, असं याकूबांनी ऐकलं होतं. पण ते सांगून काय उपयोग होता, हेही त्यांना कळत होतं.

माणसं गेल्यावर त्यांची बायको रहिमाबी दारात आली. तिनं सगळं ऐकलं होतं.

"नक्को जाव जी," ती म्हणाली. "लोगां अपने कामां से बुलाते. खांदा तुमारा, जान तुमारी."

"पानी तो सबका है," याकूब म्हणाले.

संध्याकाळी मात्र तिनंच तिळाचं तेल कोमट करून आणलं आणि त्यांचा खांदा चोळून दिला.

सकाळी उन्हं वर यायच्या आधी गाव नदीच्या वाटेवर जमलं. बैलगाड्या आडव्या लागल्या. बायका हंडे घेऊन बसल्या, पुष्पाबाईही त्यांच्यात होत्या. सगळ्यांत पुढे याकूब उस्ताद. डोक्याला जुना मुंडासा, हातात खोबळा. त्यांनी मनाशी ठरवलं होतं, नुसता फिरवायचा. कुणाला शिवायचं नाही. पट्ट्याचं कडं एकदा धरलं की आत कुणी येत नाही, मग मारायची वेळच येत नाही. वडिलांनी त्यांना हेच शिकवलं होतं.

गाड्या आल्या. प्रितम जीपमधून उतरला आणि हसला.

"म्हाताऱ्या, बाजूला हो. लागंल कुठं तरी."

याकूबांनी सलामी दिली आणि पट्टा फिरवायला सुरुवात केली.

पहिले दोन-तीन फेर खांद्यात आग उठली. मग काय झालं कोण जाणे, दुखणं निघून गेलं. पातं हवेत शिट्टी वाजवायला लागलं. पाय आपोआप पवित्र्यात पडायला लागले. समोरचे गडी मागं सरकले. मागून गावानं कल्ला केला, कुणीतरी उस्तादांचं नाव घेतलं. इतक्या वर्षांनी लोक पुन्हा पट्टा बघत होते, आणि याकूबांना आनंद झाला. ही गोष्ट त्यांनी पुढे फक्त रहिमाबीला सांगितली. तिथं विहिरीसाठी उभा होतो, गावासाठी उभा होतो हे खरं, पण त्या घटकेला विहीर मनात नव्हती. मनात एवढंच होतं की अजून येतंय. अजून सगळं येतंय.

"वहां रुकता तो चलता था," ते तिला म्हणाले. "वो लोगां पीछे सरके थे. मैं रुका नई."

प्रितमचा चेहरा उतरला होता. गावासमोर एका म्हाताऱ्यानं अडवलं हे त्याला सोसेना. त्यानं हायवाचं दार उघडून कल्याणला खाली ओढला, त्याच्या हातात गज दिला.

"तुझाच गुरू हाय ना? जा मंग. तुलाच म्हाईत असंल कुठून शिरायचं."

कल्याणला माहीत होतं. पट्टा डावीकडून परत फिरतो तेव्हा एक क्षण उजवी बाजू उघडी पडते. तिथून वाकून आत शिरायचं आणि खोबळा धरायचा. गावात ही युक्ती याकूबांनी एकाच पोराला दाखवली होती. तो आला. वाकून, बरोबर त्याच जागेवर, डाव्या हातातला गज खाली, उजवा हात पुढे करून. याकूबांनी त्याला येताना पाहिलं. अशा वेळी परतीचा वार जागच्या जागी रोखायचा असतो. उभ्या आयुष्यात त्यांनी तो हजारदा रोखला होता. त्यांनी खांदा आवळायला घेतला, पण खांद्यानं ऐकलं नाही.

पातं कल्याणचं मनगट खालून कापत गेलं.

आवाज झाला नाही. गज खाली पडला तेवढाच आवाज. कल्याण आपल्या हाताकडे बघत उभा राहिला, लहानपणी बघायचा तसाच, उघड्या डोळ्यांनी. मग पुष्पाबाई ओरडल्या आणि हंडे लाथाडत पुढे आल्या. पदर फाडून त्यांनी हात बांधला. याकूब खोबळा काढायला बघत होते, पण तो निघत नव्हता. मच्छिंद्रांनी तो ओढून काढला.

प्रितमच्या माणसांनी गाड्या वळवल्या. कल्याणला ते तिथंच टाकून गेले. गावातल्याच जीपमध्ये त्याला घातलं.

दुपारी पोरांच्या फोनवर फिल्म फिरायला लागली. त्यात ना विहीर होती, ना पोकलेन, ना संपतचा मोडलेला हात. दाढीवाला एक म्हातारा पट्टा फिरवतोय आणि एक हिंदू पोरगा रक्तानं माखलाय, एवढंच. खाली भलतंसलतं लिहिलेलं. संध्याकाळपर्यंत बाहेरगावच्या मोटारसायकली याकूबांच्या गल्लीतून चकरा मारायला लागल्या. मच्छिंद्रांनी गल्लीच्या तोंडाशी बाज टाकली आणि तिथंच बसले. येईल त्याला ते एकच सांगत होते, "हे आमच्या गावातलं हाय. तुमी जा."

दुसऱ्या दिवशी याकूब स्वतः पोलीस ठाण्यात गेले. पट्टा कापडात गुंडाळून बरोबर नेला.

"साहेब, मी मारलं. लिहून घ्या."

साहेबांनी पट्टा पाहिला, मग त्यांच्याकडे पाहिलं. "जखमी माणसाचा जबाब झालाय चाचा. तो म्हणतोय, गाडीच्या फाळक्याचा पत्रा लागला. उतरताना हात अडकला."

"खोटं हाय ते. सगळ्या गावानं बघितलं."

"गावानंही तेच सांगितलं. त्याची आई सुद्धा तेच म्हणते." साहेबांनी पट्टा उचलून मागच्या कपाटात ठेवला. "हे इथं राहील. तुम्ही घरी जा. आणि हे पुन्हा कुणापुढं बोलू नका. गाव शांत आहे, राहू द्या."

याकूब ठाण्याच्या पायरीवर बराच वेळ बसून राहिले. जेलची त्यांना भीती नव्हती. खरं तर त्यांना वाटत होतं की तिथं गेल्यावर काहीतरी फिटेल. ती वाटही पोरानं बंद केली होती.

रक्त सांडल्यावर मात्र सगळं हललं. पेपरात आलं, मोठे साहेब आले, नदीतून मशीन निघालं. विहिरीच्या बुडाशी दगड आणि सिमेंट पडलं, संपतचा हात जुळला आणि तो पुन्हा पाणी सोडायला लागला. प्रितम काही उपाशी मेला नाही. नदीच्या खालच्या अंगाला दुसऱ्या एका गावात त्याची मशीन लागल्याचं लोक सांगत होते. तांबगव्हाणापुरतं संकट टळलं. ग्रामसभेत उस्तादांचा शाल-नारळ देऊन सत्कार करायचं ठरलं. बोलवायला माणूस आला तेव्हा याकूब गादीला टाके घालत होते. मोठी ऑर्डर आहे, वेळ नाही, असं त्यांनी सांगितलं. ऑर्डर एकाच उशीची होती.

कल्याणचा हात वाचला, पण बोटं मिटेनात. नसा तुटल्या होत्या, शिवल्या, तरी मुठीत चमचा धरता येत नव्हता. स्टिअरिंग तर लांबच. पुष्पाबाईंनी याकूबांना एक शब्दही वाकडा ऐकवला नाही. त्या दिवसाआधी त्यांनी एक जुनं कापसाचं पांघरूण पिंजून द्यायला शेडवर टाकलं होतं. एक दिवस त्या आल्या आणि ते मागू लागल्या.

"उसवलंय ते अजून, पुष्पाबाई. दोन दिवसात भरून देतो."

"ऱ्हाऊ द्या. तसंच न्हेते."

त्यांनी उसवलेली खोळ काखेत मारली, सुटा कापूस पोत्यात भरला आणि निघून गेल्या. दोन्ही घरांच्या मधल्या भिंतीवरून पूर्वी वाट्यांची देवाणघेवाण चालायची. रहिमाबी सणाला शीरखुर्मा द्यायची, तिकडून पुरणाची पोळी यायची. शीरखुर्मा त्या वर्षीही घेतला गेला, भांडं धुऊन परत आलं. रिकामं.

वर्ष उलटून गेल्यावर याकूबांना कळलं की कल्याण कुंभार पिंपळगावला एका जिनिंगच्या वजनकाट्यावर कामाला लागलाय. कापसाच्या हंगामात ते बाजाराच्या दिवशी तिथं गेले. रुईचा भाव विचारायचा होता, असं ते रहिमाबीला सांगून निघाले. तिनं डब्यात चार भाकऱ्या जास्त बांधून दिल्या.

काट्यावर ट्रॅक्टरांची रांग होती. केबिनमध्ये कल्याण बसला होता. डाव्या हातानं बटणं दाबत होता, डाव्या हातानं पावती फाडत होता. उजवा हात मांडीवर उताणा, बोटं अर्धी वळलेली. याकूब बाहेर उभे राहिले. गर्दी ओसरल्यावर त्यानं वर पाहिलं.

"या उस्ताद. आत बसा."

त्यानं चहा मागवला. दोघांनी प्यायला. ट्रॅक्टरांचा आवाज होता म्हणून बरं.

"कल्याण, तू ठाण्यात खोटं का सांगितलंस?"

"तुमच्यासाठी न्हाई सांगितलं." त्यानं ग्लास खाली ठेवला. "दवाखान्यात लोक आल्ते. ओळखीचे ना पाळखीचे. म्हन्ले, फक्त नाव घे, बाकी आमी बघून घेतो. आता तुमच्या घराला आग लागली तर माझ्या मायचं घर कुठं लांब हाय? भिंत एकच."

"बराबर हाय," याकूब म्हणाले. जे विचारायला ते आले होते ते अजून तोंडातून निघत नव्हतं. "तू आत शिरलास तेव्हा गज खाली होता तुझा. मी बघितलं. मला धरून थांबवायला आल्तास का?"

बाहेर एक ट्रॅक्टर काट्यावर चढला, कल्याणनं त्याचं वजन घेतलं, पावती दिली. मग तो म्हणाला, "मलाच म्हाईत न्हाई उस्ताद. लई विचार केला मी. प्रितम मागून शिव्या देत होता, तुमी समोर होता. पाय चालले तसा गेलो. थांबवायला गेल्तो असं म्हणावं तर बरं वाटतं. पण खरं काय ते न्हाई सांगता येत."

"खांद्यानं दगा दिला माझ्या."

"समजलं मला ते. तेव्हाच समजलं."

"मला माफ कर, असं म्हणायला तोंड न्हाई रे."

"मंग नका म्हणू," कल्याण म्हणाला. आवाजात राग नव्हता, मायाही नव्हती. "तुमी त्या टायमाला आखाडा चालू ठेवला असता तर मी त्या गाडीवर गेलो असतो का न्हाई, हे बी मी लई दिवस डोक्यात घोळवलं. आता सोडून दिलं. तुमी बी सोडा."

पुढची गाडी काट्यावर आली आणि ड्रायव्हरनं हॉर्न दिला. कल्याण कामाला लागला. याकूबांनी भाकरीचा डबा टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवला. त्यानं तो पाहिला, पण नको म्हणाला नाही.

बाजाराच्या तोंडाशी जीप भरत होती. याकूबांना खिडकीची जागा मिळाली. शेजारी बसलेल्या माणसानं त्यांना ओळखलं आणि नदीवरच्या त्या सकाळची गोष्ट बाकीच्यांना सांगायला घेतली. पट्टा कसा फिरत होता, गुंड कसे पळाले. गोष्ट त्यानं चांगली रंगवली. त्यात कल्याण नव्हता. याकूब उस्ताद डावा हात उजव्या खांद्यावर ठेवून गाव येईपर्यंत बाहेरच्या कपाशीकडे बघत बसले.